नाच आपला, नाचणारे कोणाचे?

महाराष्ट्राबाहेर तीन-चार पिढ्या राहिलेल्या मराठी घरात एक गोष्ट हळूहळू घडत असते. आजोबा मराठीत प्रार्थना करतात. वडील मराठीत बोलतात, पण हिशेब हिंदीत, गुजरातीत किंवा कानडीत करतात. नातवाला मराठी कळते, पण उत्तर तो दुसऱ्याच भाषेत देतो, आणि गीतांचे पुस्तक हाती दिले तर अक्षरे जुळवीत वाचतो. याच नातवाच्या डोक्याला फेटा बांधून त्याच्या हाती लेझीम द्या. त्याचे पाऊल बरोबर ठेक्यावर पडते. ते पाहून आईबापांचे डोळे पाणावतात. मूल अजून आपले आहे, दूर गेलेले नाही, असे त्यांना वाटते.

हे वाटणे खोटे आहे असे आम्ही म्हणणार नाही. भाषा विसरली तरी शरीर बरेच काही लक्षात ठेवते. परंतु या समाधानाच्या पाठीमागे एक प्रश्न उभा आहे आणि त्याकडे आपले सहसा लक्ष जात नाही. ज्या नाचाने आपण आपली ओळख सांगतो तो नाच कोणाचा? स्नेहसंमेलनात अथवा गावच्या महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात लेझमीनंतर कोळीनृत्य होते. पुढे लावणी होते. नाचणाऱ्या मुलामुलींत बहुधा एकही कोळी नसतो. ज्या घरांतील बायांनी लावणी पिढ्यान्‌पिढ्या जगविली, त्या घरांपैकी कोणी त्या दिवशी सभागृहात आले, तर त्यांस कोणत्या रांगेत बसविले जाईल?

आमचे म्हणणे थोडक्यात असे आहे. नाच आपला म्हणायचा असेल तर नाचणाराही आपला म्हटला पाहिजे. नाच घरात घ्यायचा आणि नाचणाऱ्याला उंबऱ्याबाहेर ठेवायचे, यात न्याय नाही आणि त्यातून खरे आपलेपणही निर्माण होत नाही. हे कसे, ते आता पाहू.

शरीराची आठवण

बेळगाव-खानापूरच्या दक्षिणेस, उत्तर कन्नड जिल्ह्यातील हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड, अंकोला या तालुक्यांच्या रानांत सिद्दी लोक राहतात. मराठी वाचकाला सिद्दी म्हटले की जंजिऱ्याचा किल्ला आठवतो, अहमदनगरच्या निजामशाहीचा मलिक अंबर आठवतो. ते सत्तेवर चढले. उत्तर कन्नडमधील सिद्दींची कथा निराळी आहे. त्यांचे पूर्वज आफ्रिकेतून गुलाम म्हणून आणले गेले, आणि त्यांतील पुष्कळ जण पोर्तुगिजांच्या गोव्यातून पळून किंवा सुटून या रानांत शिरले. आज त्यांच्यात हिंदू आहेत, मुसलमान आहेत आणि रोमन कॅथलिकही आहेत. त्यांची बोली कोकणी आहे. तिच्यात मराठी आणि कानडी मिसळलेली आहे. आफ्रिकेतील भाषा मात्र त्यांच्या तोंडी राहिली नाही.

मग राहिले काय? डमाम नावाचे वाद्य आणि त्याच्या ठेक्यावरचा नाच. धर्म तीन झाले तरी डमाम एकच राहिला. गुजरातेतही असेच झाले. भरूच जिल्ह्यात रतनपूर येथे बावा गोर यांचा दर्गा आहे, आणि त्यांना मानणारे सिद्दी जो नाच करतात त्याला धमाल किंवा गोमा म्हणतात. पूर्व आफ्रिकेच्या स्वाहिली भाषेत न्गोमा म्हणजे ढोल, आणि ढोलावरचा नाचही. ज्यांच्यापासून गाव, नाव, नातीगोती सारे हिरावले गेले, त्यांच्या पावलांत हा एक शब्द समुद्र ओलांडून आला आणि शेकडो वर्षे टिकला. नाच म्हणजे केवळ करमणूक असे समजणाऱ्यांनी या गोष्टीचा विचार करावा. ज्याला लिहिता येत नव्हते आणि ज्याला आपली भाषा बोलू दिली गेली नाही, त्याच्यासाठी नाच हाच वंशवृक्ष होता.

पण याच सिद्दींची दुसरी गोष्टही सांगितली पाहिजे. गीरच्या जंगलाजवळ पर्यटक सिंह पाहायला येतात आणि संध्याकाळी सिद्दींची धमाल पाहतात. मोरपिसे, रंगविलेली तोंडे, वर उडविलेला नारळ डोक्यावर झेलून फोडणे. टाळ्या पडतात, पैसे मिळतात, पाहुणे निघून जातात. दर्ग्यापुढे जो नाच आपल्या माणसांचा होता, तोच येथे नमुन्यासारखा मांडला जातो. १९८७ साली भारतीय क्रीडा प्राधिकरणाने सिद्दी मुलामुलींना हेरून खेळाडू बनविण्याची योजना सुरू केली. हेतू बरा होता आणि काहींनी चांगले यशही मिळविले. पण काही वर्षांतच योजना गुंडाळली गेली आणि मुले आपापल्या पाड्यांवर परतली. त्यांचे पाय देशाला हवे होते. त्यांचे जमिनीचे, शाळेचे, मजुरीचे प्रश्न मात्र रानातच पडून राहिले. उत्तर कन्नडच्या सिद्दींना अनुसूचित जमातींच्या यादीत स्थान मिळायला २००३ साल उजाडावे लागले.

नाच पाहणाऱ्याला नाच आवडणे आणि नाचणाऱ्याला त्या भूमीत जागा मिळणे, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीमुळे दुसरी आपोआप घडत नाही.

तंजावूर ते बडोदे

आता आपल्याच भाषेच्या इतिहासातील एक गोष्ट घेऊ. परप्रांतातील मराठी वस्त्यांत तंजावूर ही फार जुनी व मानाची वस्ती आहे. शिवाजी महाराजांचे सावत्र बंधू व्यंकोजी यांनी १६७६ च्या सुमारास तेथे राज्य स्थापिले आणि ते १८५५ पर्यंत भोसल्यांच्या नावाने चालले. राजे मराठी, प्रजा तमिळ, आणि दरबारच्या संगीतात तेलुगूला मान. अशा त्या नगरीत दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) झाले. आपल्या वाचकांस त्यांचे नाव आणखी एका कारणाने ठाऊक असेल. जर्मन ल्यूथरन मिशनरी श्वार्ट्झ यांनी त्यांचा सांभाळ केला आणि त्यांच्या शिक्षणाकडे लक्ष दिले. श्वार्ट्झ १७९८ साली प्रभूकडे गेल्यावर सरफोजींनी शिल्पकार फ्लॅक्समन यांच्याकडून त्यांचे संगमरवरी स्मारक करवून घेतले. ते आजही तंजावूरच्या चर्चमध्ये आहे.

याच सरफोजींच्या नावावर मराठी निरूपणे आहेत. निरूपण म्हणजे एका कथेभोवती गुंफलेली, नृत्यासाठी रचलेली पदे. ‘देवेंद्र कुरवंजी’ या त्यांच्या मराठी नाटकात भविष्य सांगणारी कुरवंजी जगाचा भूगोल सांगते. विचार करा, शब्द मराठी, ताल दक्षिणेचा आणि नाचणाऱ्या स्त्रिया देवदासी घराण्यांतल्या, ज्यांच्या घरची भाषा तमिळ अथवा तेलुगू. पोन्नय्या, चिन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू हे चौघे भाऊ याच दरबारात वाढले. आजच्या भरतनाट्यम कार्यक्रमाचा जो क्रम आहे, तो मुख्यतः त्यांनीच घालून दिला. म्हणजे ज्या नृत्याला जग आज निव्वळ तमिळ म्हणून ओळखते, त्याच्या घडणीत परमुलखी मराठी दरबाराचाही हात होता. शुद्ध, निर्भेळ, एकाच मातीतला असा नाच शोधू गेलो तर तो कोठेही सापडणार नाही.

तेथून हा नाच आणखी एका मराठी वस्तीत गेला, आणि कसा गेला ते लक्षात ठेवण्यासारखे आहे. १८८० साली बडोद्याचे महाराज तिसरे सयाजीराव गायकवाड यांचे पहिले लग्न तंजावूरच्या मोहिते घराण्यातील लक्ष्मीबाईंशी झाले. बडोद्यास त्यांचे नाव चिमणाबाई ठेवण्यात आले. या सोयरिकीबरोबर तंजावूरहून नर्तकी, ताल धरणारे नट्टुवनार आणि वादक असा ताफाच बडोद्यास आला. भांडीकुंडी, दागिने, वस्त्रे यांबरोबर माणसे! चिमणाबाई १८८५ साली तरुणपणीच वारल्या. ताफा मात्र परत गेला नाही. दरबारच्या कलावंत कारखान्यात त्यांची नोंद होती. हुकूम होईल तेव्हा नाचायचे, असा त्यांचा नेम.

ही माणसे दुहेरी परदेशी होती. मराठी दरबारात ती तमिळ होती, आणि ज्या शहरात दरबार होता ते शहर गुजराती होते. पुढे याच घराण्यातील कुबेरनाथ तांजोरकर यांनी बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात भरतनाट्यम शिकविले. हे आडनाव नीट पाहावे. गाव तमिळनाडूतले, शेवटचा ‘कर’ मराठी आणि संसार गुजरातेत. परक्या मुलखात राहणाऱ्या माणसाची ओळख कशी घडते, हे त्या एका आडनावात दिसते. कोणत्याही एका गावाला त्यावर पूर्ण हक्क सांगता येणार नाही.

पण ज्या स्त्रियांनी हा नाच राखला त्यांचे पुढे काय झाले? १८९० नंतरच्या दशकात मद्रासेत नाचविरोधी चळवळ सुरू झाली. तीत मिशनरी होते आणि हिंदू सुधारकही होते. कोवळ्या मुलींना देवाला वाहण्याची चाल बंद व्हावी, ही मागणी न्याय्यच होती. डॉ. मुथुलक्ष्मी रेड्डी या स्वतः देवदासी मातेच्या कुळातल्या, आणि त्यांनीच कायद्यासाठी जिवाचे रान केले. मद्रास प्रांतात १९४७ साली तसा कायदा झाला. कर्नाटकात तो १९८२ साली झाला. सौंदत्तीच्या यल्लम्माला मुली कशा वाहिल्या जात, हे बेळगावकडील वाचकांना आम्ही काय सांगावे! ती चाल मोडलीच पाहिजे होती.

तथापि त्याच काळात आणखी एक गोष्ट घडली. १९३० नंतरच्या दशकात त्या नृत्याला भरतनाट्यम हे नाव रूढ झाले, प्रतिष्ठित घरांतील मुली ते शिकू लागल्या, १९३६ साली रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी कलाक्षेत्र स्थापिले आणि नाच देशाचे भूषण ठरला. ज्यांच्या आया-आज्यांनी तो शतकानुशतके राखला, त्यांपैकी पुष्कळ स्त्रिया मात्र नाच सोडून, नाव लपवून, अंधारात गेल्या. बालसरस्वती यांच्यासारखी एखादीच ताठ मानेने त्याच परंपरेचे नाव घेत रंगमंचावर उभी राहिली. १९७७ साली सरकारने त्यांना पद्मविभूषण दिले. बाकीच्यांची नावेसुद्धा आपणांस ठाऊक नाहीत. आज लंडन, टोरांटो, न्यू जर्सी येथे परदेशस्थ भारतीयांच्या मुली याच नृत्याने आपले भारतीयत्व सांगतात. त्यात वाईट काही नाही. पण एवढी मोठी ओळख ज्यांच्या पाठीवरून आली, त्यांना त्या ओळखीत वाटा मिळाला नाही, ही गोष्ट मनाला लागल्यावाचून राहू नये.

खिडकी आणि दार

पवित्र शास्त्रात नाचाचे पुष्कळ प्रसंग आहेत. तांबडा समुद्र ओलांडल्यावर मिर्याम डफ घेऊन पुढे झाली आणि स्त्रिया तिच्यामागून नाचत निघाल्या. पण आपल्या प्रश्नाशी अगदी जवळचे प्रसंग दोन आहेत.

पहिला दावीद राजाचा. करारकोश यरुशलेमात आणताना तो देवापुढे भान हरपून नाचला. शौलाची कन्या मीखल खिडकीतून पाहत होती आणि तिने मनात त्याचा तिरस्कार केला. तिची तक्रार काय होती हे नीट वाचावे. राजा नाचला याहूनही, तो दासींच्या देखत नाचला, ही गोष्ट तिला अधिक लागली. राजाने आपली पायरी सोडली. आणि दाविदाचे उत्तर असे की त्याच दासींकडून मला मान मिळेल. त्या नाचात राजा आणि दासी एका जमिनीवर आले. मीखल जर खिडकी सोडून खाली आली असती तर ती त्या आनंदाची झाली असती. पण वरून पाहणाऱ्याला नाच दिसतो, नाचाचा आनंद मिळत नाही.

दुसरा प्रसंग उधळ्या पुत्राच्या दाखल्यातील वडील भावाचा. तो शेतातून घरी येतो तेव्हा वाद्ये आणि नाच यांचा आवाज त्याच्या कानी पडतो. घर त्याचेच, आंगण त्याचेच, आणि तरीही तो दाराशी उभा राहून चाकराला विचारतो की हे काय चालले आहे. आत जायला तो तयार नाही. का? कारण आत जायचे तर धाकट्याला भाऊ म्हणावे लागेल, आणि बापाशी बोलताना तो हा शब्द टाळतो. बाप मात्र मुद्दाम तोच शब्द वापरून त्याला उत्तर देतो.

या दोन प्रसंगांत आम्हांस आमच्या प्रश्नाचे उत्तर दिसते. आपलेपणाची कसोटी पाऊल बरोबर पडते की नाही ही नव्हे. ज्याच्याशेजारी पाऊल टाकायचे त्याला आपण काय म्हणतो, ही ती कसोटी होय. मीखल राजघराण्यातली होती आणि वडील भाऊ घरचा वारस होता. रक्ताने दोघेही आतले, परंतु दोघेही नाचाबाहेर राहिले.

खाली ठेवलेली हलगी

येथे आपल्या मंडळीच्या इतिहासातील एका नाजूक गोष्टीला स्पर्श करणे भाग आहे. एकोणिसाव्या शतकात अहमदनगर (आजचे अहिल्यानगर), जालना या भागांत महार व मातंग समाजांतून पुष्कळ लोक ख्रिस्ती झाले, आणि पुढे नोकरी-शिक्षणासाठी त्यांची मुलेनातवंडे इंदूर, बडोदे, हैदराबादपर्यंत पसरली. गावगाड्यात वाद्य वाजविणे हे त्यांतील काहींचे ठरलेले काम होते. लग्न पाटलाचे, वरात पाटलाची, हलगी यांची. वाजवायचे अंगणाबाहेर, जेवायचे सर्वांच्या शेवटी. बाप्तिस्म्याबरोबर अनेकांनी ती हलगी खाली ठेवली, तमाशाची वाट सोडली. पुढे डॉ. आंबेडकरांच्या चळवळीतही अशी अपमानाची कामे सोडून देण्याचा निर्धार हजारोंनी केला.

आजचे तरुण कधी कधी म्हणतात की मिशनऱ्यांनी आमची लोककला नेली. यात काही तथ्य आहे. नव्या विश्वासणाऱ्यांनी आपला ताल टाकावा आणि परदेशी चालीच पवित्र मानाव्यात, असे काहींनी शिकविले खरे. नारायण वामन टिळकांसारख्यांनी अभंग आणि कीर्तन उपासनेत आणले म्हणून आपली मराठी जिभेवर तरी राहिली. पण सारा दोष मिशनऱ्यांवर टाकला तर आपल्या आजोबांचे धैर्य झाकले जाते. स्तोत्र १३७ आठवावे. बाबेलमध्ये बंदिवान झालेल्या यहुद्यांना जिंकणारे लोक म्हणाले, तुमच्या देशाची गाणी म्हणून दाखवा, आमची करमणूक करा. त्यांनी नकार दिला आणि वीणा झाडांवर टांगल्या. त्यांना गाणे नकोसे झाले होते असे नाही. मालकाच्या करमणुकीसाठी गायचे नाही, एवढाच त्यांचा निश्चय होता. हलगी खाली ठेवणारे आपले पूर्वज याच पंक्तीत बसतात. त्यांचा नकार हाही एक प्रकारे शरीराने दिलेला जबाबच होता. आम्ही कोण, हे त्यांनी हात थांबवून सांगितले.

म्हणून आज ती हलगी पुन्हा उचलायची की नाही, हा प्रश्न सोपा नाही. आमच्या मते ती उचलण्यास हरकत नाही, पण एका अटीवर. ती आता कोणाच्या हुकमाने वाजू नये, आणि ती उचलताना ज्यांच्या हातून ती कधी सुटलीच नाही त्यांची आठवण ठेवावी. तमाशातील विठाबाई नारायणगावकरांना राष्ट्रपतींच्या हस्ते सन्मान मिळाला, तरी २००२ साली त्या गेल्या त्या हलाखीतच. डॉ. किशोर शांताबाई काळे यांनी ‘कोल्हाट्याचं पोर’ (१९९४) या आत्मकथेत नाचणाऱ्या आईच्या मुलाला समाज कसा वागवितो ते लिहिले आहे. लावणीवर टाळ्या वाजविणारे हात आणि त्या मुलाला दूर सारणारे हात पुष्कळदा एकच असतात.

दोन आक्षेप

कोणी म्हणेल, कला सर्वांची असते. कोळ्यांना विचारल्याशिवाय कोळीनृत्य करू नये काय? तसे आम्ही म्हणत नाही. नाच एका समाजातून दुसऱ्यात जातो, आणि तो जावाच. ज्या लेझमीला आपण अस्सल मराठी समजतो, तिचे नावच फारसी आहे. धनुर्विद्येच्या सरावासाठी साखळी लावलेले जे धनुष्य असे, त्याचे ते नाव. बडोद्यात प्राध्यापक माणिकरावांच्या जुम्मादादा व्यायाममंदिराने मल्लखांब, लाठी, लेझीम यांचे शिक्षण दिले, आणि त्याच शहरातून व्यायाम ज्ञानकोशाचे खंड मराठीत प्रसिद्ध झाले. म्हणजे फारसी नावाची वस्तू गुजरातेत राहून आपण मराठी म्हणून जपली. घेण्याला आमची हरकत नाही. घेताना देणाऱ्याला विसरणे, ही आमची हरकत आहे.

दुसरा आक्षेप आपल्याच काही वडीलधाऱ्यांचा. ते म्हणतात, नाच हा देहाचा विषय आहे. आत्मिक जनांनी त्यात पडू नये. आम्ही त्यांचा आदर करतो. ज्या नाचाने कोणा बहिणीच्या अब्रूचा बाजार होतो, तो नाच आपल्या दाराशी नको, हे त्यांचे म्हणणे आम्हांसही मान्य आहे. पण ज्या विश्वासात शब्द देही झाला असे आपण सांगतो, त्या विश्वासाने देहाला नुसता धोका समजू नये. आपण उभे राहून गातो, गुडघे टेकून प्रार्थना करतो, ताटातील भाकर हाताने घेतो. आपलेपण देहातूनच कळते. आणि करिंथकरांस लिहिताना प्रेषित पौलाने मंडळीला जी उपमा दिली तीही शरीराचीच होती. डोळ्याने हाताला नको म्हणू नये, हा त्याचा आग्रह. मग नाच पाहणाऱ्या डोळ्याने नाचणाऱ्या पायाला तरी नको कसे म्हणावे?

फेर मोठा करा

यिर्मयाने बंदिवानांना पत्र पाठवून सांगितले होते की ज्या नगरात तुम्हांला नेले आहे तेथे घरे बांधा, बागा लावा, त्या नगराचे कल्याण चिंता. परमुलखात राहणाऱ्या आपल्यासारख्यांना हा सल्ला अजून लागू आहे. मागच्या गावाची आठवण धरून ठेवायची, आणि जेथे आहोत तेथील शेजाऱ्याला तीत जागा द्यायची, अशी ही दुहेरी जबाबदारी आहे. त्या दृष्टीने काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात.

पहिली ही की, मंचावर एखादा नाच सादर करण्याआधी तो कोणी राखला हे मुलांना सांगावे, आणि मुलांनी ते प्रेक्षकांना सांगावे. दोन मिनिटे लागतील. कोळीनृत्य करणाऱ्या मुलीला होडी, जाळे, दर्या आणि आज कोळीवाड्यांपुढे असलेली अडचण यांविषयी काही ठाऊक असावे. नुसते लुगडे नेसविणे पुरे नाही.

दुसरी गोष्ट मानधनाची. व्याख्यानाला बोलाविलेल्या पाहुण्याला आपण हार घालतो, पाकीट देतो, पंगतीत शेजारी बसवितो. हलगीवाल्याला, डमाम वाजविणाऱ्याला बोलाविले तर त्यालाही तसेच वागवावे. मागल्या दाराने आणून मागल्या दाराने पाठवू नये.

तिसरी गोष्ट अधिक कठीण आहे. बेळगाव जिल्ह्यातील साखर कारखान्यांवर दर हंगामात बीडकडून ऊसतोड मजुरांच्या टोळ्या येतात. ते मराठीच बोलतात. रात्री पालाशी त्यांच्यात हलगी वाजते, बाया फेर धरतात. शहरातील जुन्या मराठी वस्तीला, जिला मराठीचा एवढा अभिमान आहे, ही माणसे आपली वाटतात काय? त्यांची मुले आपल्या रविवारच्या शाळेत येतात काय? एक रविवार आपण त्यांच्या पालावर जातो काय? मराठीपण वाचविण्यासाठी आपण मंचावर जो नाच बसवितो, तो नाच शहराबाहेर उसाच्या फडात जिवंत आहे, आणि आपण त्याच्याकडे खिडकीतून पाहतो.

चौथी गोष्ट सोयरिकीची. आपल्याकडे आपलेपणाची शेवटची परीक्षा तेथेच होते. ज्यांचा नाच आपण आपला म्हणतो, त्यांच्या घरची मुलगी सून म्हणून आपल्याला चालेल काय? मंडळीत येऊनही जुन्या जातीच्या रेघा लग्नाच्या वेळी वर येतात, हे कोणी नाकारील असे वाटत नाही. या प्रश्नाचे उत्तर आम्ही या पानावर देऊ शकत नाही. ते ज्याच्या त्याच्या घरात, मुलांच्या देखत द्यावे लागेल.

रंगमंचावर नाचणारा वर असतो आणि पाहणारा खाली, अंधारात. गावातल्या फेराला असा मंच नसतो. बायकांनी फेर धरला आणि एखादी नवी बाई कडेला येऊन उभी राहिली, तर दोघी आपले हात सोडतात, तिला मध्ये घेतात आणि पुन्हा हात धरतात. तिला पावले येत नसली तरी दोन फेऱ्यांत येतात. फेर थोडा मोठा होतो, एवढेच. आपल्या मुलांना आपण नाच जरूर शिकवावा. पण त्यांना हात सोडून नव्या माणसाला आत घेण्याचेही शिक्षण द्यावे. ती दोन पावले त्यांना आली नाहीत, तर बाकीची सगळी बरोबर पडूनही ती मुले आपलेपणाला मुकतील.